तिचा उखाणा मी पुरा केला

मंडळी, आज दुपारी जामखेडला पुतण्याच्या लेकीच्या बारशात मी जे केलं, ते लिहितानाही लाज वाटते आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको सुमन जिन्यावरून पडली आणि तिच्या मेंदूला मार बसला. तेव्हापासून शब्द तिच्या मनात असतो, पण ओठांवर यायला वेळ लागतो. "मनात दहापर्यंत मोजा, मधे बोलू नका," असं तिच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मला बजावलंय.

बाळाला पाळण्यात घातल्यावर बायांनी गलका केला, "काकू, नाव घ्या की!" आणि सुमन चक्क उठली.

"हिरव्या रानात वाहतं पाटाचं पानी..." एवढं म्हणून ती अडली.

मी शाळेपासून कवितेत रमणारा, अर्धी राहिलेली ओळ मला सोसवत नाही. चारपर्यंतही न मोजता पुरुषांतून मोठ्यानं म्हणालो, "दत्तोबांचं नाव घेते, मी त्यांची रानी!"

"अवो काका, सोताचंच नाव घेतलं व्हय!" बाया खो खो हसल्या. यमक जुळल्याच्या खुशीत मीही हसलो. सुमन पदर सावरत खाली बसली.

घरी आल्यावर सुनेनं सांगितलं, "दादा, आठ दिस झालं, आई गॅसपाशी तेवढंच घोकत हुत्या."

मी सुमनपाशी जाऊन बसलो. ती बराच वेळ नुसते ओठ हलवत होती. या वेळी मी थांबलो.

"येत... हुतं... मला," ती म्हणाली.

मित्रांनो, तिला पुन्हा चारचौघांत उभी राहा, असं आता मी कुठल्या तोंडानं सांगू?