अष्टमीच्या भरतीवर बांधलेला बंगला

चार माणसं एका कामावर जमली की किस्से साठतातच. जागा चुकीची असली तर ते पाटीनं उपसावे लागतात! एकोणीसशे तीसच्या आसपास मांडव्याजवळ एका शेठच्या कॉलनीवर मी मुकादम होतो. अजून उपसतोच आहे.

शेठ मुंबईचे कापडवाले. त्यांनी खाडीकाठची पाणथळ जमीन घेतली, तिच्यावर मुरूम ओतला आणि म्हणाले, "इथे लोक हवा खायला येणार." आमचे ओव्हरसियर केशवराव पुण्याकडचे. पहिला बंगला विकला गेला की शेठ त्यांना कायम करणार होते, आणि कायम झाले की डोंगरातल्या तळा गावचे पाटील त्यांना मुलगी देणार होते. केशवराव विटेला हात लावायचे तोही अक्षता टाकल्यासारखा.

* * *

आम्ही बेडकांचं डबकं बुजवलं, तेवढ्यात शेठनी कारंज्यासाठी हौद बांधला. सगळे बेडूक तिकडे राहायला गेले. शेठ एक रात्र मुक्कामाला राहिले आणि सकाळी तांबडे डोळे घेऊन बाहेर आले.

"हाकला यांना!"

"जातील कुठं, शेट?" गावातला धर्मा कोळी म्हणाला. "बाकीची जागा तुमीच भरलीत."

* * *

समुद्र दिसावा म्हणून शेठनी पुढचं केवड्याचं बन तोडायला लावलं. समुद्र दिसला. मग वारा सुटला आणि किनाऱ्यावरची वाळू घरात यायला लागली. जेवताना शेठचे दात कचकचले.

"महाराज, खिचडीत वाळू?"

"चाळलेलीच आहे, शेठ," आचारी शांतपणे म्हणाला.

* * *

मध्यंतरी कामावर बाया एकदम वाढल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. मी खूश! दुपारी बघतो तर मुरमाचा ढीग होता तिथेच. मुरमाखाली कोंडलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बंगल्याच्या मोरीतून वर येत होत्या, आणि बाया तिथे रांग लावून बसल्या होत्या.

* * *

मग वास्तुशांत आली. जोतं किती उचलायचं हे ठरवताना केशवरावांनी स्वतः काठावर उभं राहून भरतीची खूण केली होती. केली अष्टमीला! अष्टमीची भरती मरतुकडी आणि पौर्णिमेची उधाणाची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेठनी मुहूर्त काढला पौर्णिमेचा, भर दुपारचा.

"धर्मा, खूण बघून बोलला का नाहीस?" मी नंतर विचारलं.

"आमाला वाटलं, शेटला होडी घरातच लावायची हाय."

मुंबईहून लाँचनं गिऱ्हाईकं आली, तळा गावाहून पाटील आले. पूर्णाहुतीच्या वेळी पाणी पायऱ्या चढून दिवाणखान्यात आलं. होम विझला. भटजी पाटासकट खिडकीत बसले. गिऱ्हाईकं लाँचकडे पळाली, आणि शेठनी कॉटवर उभं राहून केशवरावांना तिथल्या तिथे नोकरीवरून काढलं. बिचारा भिजत उभा होता. मला फार वाईट वाटलं.

पाटील मात्र कुठे दिसेनात. शोधलं तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, धोतर खोचून, उपरणं पाण्यात पसरून ओणवे झालेले. जन्मभर सुकटीवर काढलेला माणूस. उपरण्यात हातभर लांबीचं बोईट फडफडत होतं.

"पाटील, माझी नोकरी गेली," केशवराव कसेबसे म्हणाले.

पाटलांनी मासा नीट गुंडाळून काखेत धरला.

"जाऊ द्या हो, जावईबापू. हे घर तेवढं सोडू नका."