वाईनच्या बाटलीत कोकम

आम्ही अमेरिकेत, ट्रॉयला राहत होतो. मोटारींचा धंदा मंदावला होता आणि नवऱ्याच्या ऑफिसात कोणाकोणाला काढायचं याची यादी होत होती. यादी शुक्रवारी लागणार होती. त्याआधीच्या शनिवारी नवऱ्याने त्याच्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलं.

"श्रीखंडाने यादी बदलत असती तर मी रोज चक्का टांगला असता," मी म्हटलं. पण टांगला.

साहेब मूळचे इटालियन घराण्यातले. दारातच त्यांनी एक बाटली माझ्या हातात दिली. इटलीत त्यांच्या काकांचा छोटा द्राक्षमळा होता. घरचीच माणसं द्राक्षं खुडतात आणि घरचीच वाईन करतात, असं त्यांनी सांगितलं. लाल वाईन, चेरीसारखी आणि आलुबुखारासारखी लागते म्हणाले. मी थँक यू म्हटलं आणि बाटली कपाटात, साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवली. पाहुण्यांनी आणलेलं पाहुण्यांसमोर उघडायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

जेवताना ताक दिलं. साहेबांची नजर सारखी त्या कपाटाकडे. मला वाटलं, दार नीट लागलं नसेल. मी दोनदा उठून लावलं.

निघताना साहेब नवऱ्याला म्हणाले, "एक बोलायचं होतं. राहू दे, पुन्हा कधीतरी."

गाडी वळेपर्यंत नवरा हात हलवत राहिला. मग म्हणाला, "संपलं. माझं नाव आहे यादीत."

रविवारी आम्ही बाटली उघडली. घरात ओपनर कुठला? नवऱ्याने बुचात स्क्रू पिळला आणि पकडीने बूच अख्खं ओढून काढलं. वास छान, पिकलेल्या जांभळांसारखा. घोट घेतला तर जीभ आवळली.

"आंबली वाटतं," मी म्हटलं.

"अगं, वाईन आंबवूनच करतात."

"मग जास्त आंबली."

साखर घालून पाहिली. त्याने ती आणखी बिघडली. फळाचा वास असलेली वस्तू काढ्यासारखी का लागावी, ते मला कळेना. शेवटी सिंकमध्ये ओतली.

बाटली मात्र जाड हिरव्या काचेची, सुरेख होती. मी ती धुतली, कोकमाचं सरबत केलं, मीठ-जिरं घातलं, भरलं आणि तेच बूच ठोकून बसवलं.

"हे काय आता?" नवरा म्हणाला. "इथे बाटल्या फेकून देतात."

"अहो, त्यांच्या काकांच्या घरची आहे. कोणाचं भांडं आपण फेकतो का? आणि रिकामं परत देतो का?"

सोमवारी तो बाटली घेऊन गेला. संध्याकाळी आला तो चेहरा पाडूनच.

"साहेबांनी विचारलं, आवडली नाही का? मी म्हटलं, खूप आवडली. मग ते नुसते बाटलीकडे बघत बसले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिरव्या काचेतून आतलं लाल तेवढं दिसत होतं. आम्ही वाईन न उघडताच परत केली, असं त्यांना वाटलं असणार.

"आत कोकम आहे हे सांगायचं ना!"

"कोकमाला इंग्रजीत काय म्हणतात?"

मलाही माहीत नव्हतं. मंगळवारी मी स्वतःच साहेबांच्या बायकोला फोन केला. बाटलीत आमच्याकडच्या फळाचं सरबत आहे, गार करून प्या, आम्ही कोणाचं भांडं रिकामं परत देत नाही, असं सगळं एका दमात सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही ती उघडलीत?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिचा आवाज रडवेला वाटला. एका बाटलीसाठी रडण्यासारखं काय होतं? ज्याला विचारावं असं माझ्या ओळखीत कोणी वाईन पिणारं नव्हतं.

शुक्रवारी नवरा घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"माझं नाव नाही."

"मग असे का बसलात?"

"साहेबांचं आहे. त्यांना महिनाभर आधीच कळलं होतं. त्या दिवशी तेच सांगायला आले होते. म्हणाले, ग्लास हातात आले की सांगू, असं ठरवलं होतं."

मी कपाटाकडे पाहिलं. त्या दिवशी मी त्याचं दार दोनदा लावलं होतं.

"त्यांच्या टेबलावरच्या सामानाचा खोका मी गाडीपर्यंत नेला," नवरा म्हणाला. "बाटली त्यातच होती. अर्धी प्यायले होते."

"आवडलं?"

"म्हणाले, खारट आहे. पण उरलेलं जपून ठेवणार आहेत."

कोकमाचं सरबत चार दिवसांवर टिकत नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी फोन उचलला. पण एवढंच सांगून फोन कसा ठेवायचा, आणि आणखी बोलायचं तर काय, ते काही सुचेना. नंबर अर्धा फिरवून मी फोन खाली ठेवला आणि कणीक मळायला घेतली.