तेलाचे वीस रुपये

घासाघीस करण्यात माझा हात धरणारा आमच्या चाळीत कुणी नव्हता. हे मी तेव्हा छाती फुगवून सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते, पण सांगायला तर पाहिजे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही घाटावरचे. मी बोईसरला एका कारखान्यात कायम झालो होतो आणि धाकट्या भावाला गावाहून बोलावून दुसऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत चिकटवलं होतं. बावीस वर्षांचा होता. दिवाळीनंतर दोघांना कायम करणार, त्यात याचं नाव आहे, असं सुपरवायझरने स्वतः सांगितलं होतं. अट एकच, उशीर करायचा नाही. महिन्यात तीनदा उशीर झाला की ठेकेदार सरळ घरी पाठवायचा. आमची खोली स्टेशनच्या पूर्वेला आणि कंपनी पार तिकडे तारापूरच्या रस्त्याला. कंपनीची बस होती, पण ती फक्त कायम कामगारांसाठी. हा पठ्ठ्या पहाटे उठून धावत जायचा आणि घामाने निथळत गेटवर पोचायचा. मे महिन्यात दोन उशीर झाले तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. सायकल घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी घ्यायची तर सगळ्यांना विलायती हवी, जाड पाइपाची, सळईच्या ब्रेकची, वाटेल तेवढं ओझं ओढणारी. तसली सायकल बोईसरात साडेतीनशेला. पगाराच्या आठवड्यात चारशेसुद्धा, कारण शिफ्टला जाणारा प्रत्येक जण तीच शोधत असायचा. पालघरला स्टेशनजवळ तीच अडीचशेला. आणि किनाऱ्यावर शिरगावला गेलं तर दीडशेच्या आत! मी म्हटलं, ही बोईसरची माणसं काय खुळी आहेत का? एस.टी.चं तिकीट काढून तासाभरात जाता येतं, तर एवढे पैसे का ओततात? तिकडच्या लोकांना बाजारभाव माहीत नसणार, दुसरं काय. मला तर वाटलं, खजिनाच सापडला.

रविवारी शिरगावला गेलो. हंगाम संपला होता, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या आणि बायाबाप्ये त्यांना माशाचं तेल फासत होते. त्या वासाने माझं डोकंच उठलं. विचारत विचारत एका कोळीणबाईच्या दारात पोचलो. नवरा वर्षापूर्वी गेलेला. तो त्या सायकलवर मासळीची टोपली बांधून रोज पालघरच्या बाजाराला जायचा. काळी, भक्कम, घंटीसुद्धा शाबूत. मी मनात म्हटलं, बस्स, हीच. तोंडाने मात्र म्हणालो, "काय मावशी, भंगारात घालायची का ही? भावाला कामावर वेळेत पोचायला एखादी हवी होती."

ती हसली. "एकशे चाळीस दे. त्यात तेल पन आलं."

"कसलं तेल?"

"होडीचं. मासळीचं खारं पानी गलतं ना टोपलीतनं, ते नलीत जातं. आमी दर पावसाच्या आदी हँडल उपसून आत तेल ओततो. गेल्या वर्साला मीच ओतलं. औंदा परत ओतायला पायजे. तू सायकल ने, मी तेल काडवून घेते, आठ दिवसांनी येऊन डबा घेऊन जा. वीस रुपये तेलाचे."

माझं डोकं फिरलं. घाटी दिसला की लावा चुना! मी चपला पायात सरकवल्या. ही माझी ठरलेली युक्ती. चपला घालून दारापर्यंत जायचं, म्हणजे समोरचा उतरतोच.

"एकशे वीस. तेल तुमचं तुम्हाला."

"अरे पोरा, तेल नको तर नको घेऊ माज्याकडचं, पन दुसरीकडनं घे. ओत मात्र नक्की. खारं वारं हाय, नली आतनं खातं."

"हो हो मावशी," म्हणत मी पैसे मोजले. ऐकलं कुणी? मी तर मनातल्या मनात बोईसरचा भाव वजा करत होतो.

चाळीत माझा काय तो तोरा! चार जण मला म्हणाले, आम्हालाही एक आणून दे. भाऊ लहान पोरासारखा खूश. चाळीच्या अंगणात त्याने तीन फेऱ्या मारल्या. सोमवारपासून तो गेटवर सर्वांच्या आधी हजर.

पण सायकलला वास यायचा. उन्हात तापली की आतलं तेल पातळ होऊन हँडलच्या कडेने पाझरायचं आणि त्याच्या शर्टाला लागायचं. कंपनीत पोरं नाक दाबायची. "लो, मच्छी मार्केट आ गया!" असं रोज. एकदा सुपरवायझरसुद्धा हसला. भाऊ मुळातच लाजाळू. तो जेवेना झाला.

पावसाच्या तोंडावर एका रविवारी आम्ही दोघांनी हँडल उपसलं, सायकल उलटी केली आणि नळीत रॉकेल ओतलं. काळं, चिकट, कुजकं तेल गटारात गेलं. तीनदा धुतली. भाऊ मध्येच थांबला.

"दादा, ती बाई तेलाचं काही बोलली होती ना?"

"तिला धंदा करायचा होता," मी म्हणालो. "तू ओत रॉकेल."

त्याने ओतलं. मग आम्ही बाहेरून काळा रंग मारला. नवी कोरी दिसत होती. वास गेला. पोरांनी चिडवायचं सोडलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सगळा पावसाळा तो त्याच सायकलवर गेला आला. एकही उशीर नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. कायम झाल्याच्या कागदावरची सही आईला कशी दाखवायची, याचे बेत तो करत होता. पहिल्या पगाराचं लुगडं तिला कुठल्या रंगाचं घ्यायचं, तेसुद्धा ठरवून झालं होतं.

त्या सकाळी वसाहतीच्या वळणावर एक गतिरोधक होता, रोजचाच. चाक त्यावर चढलं आणि हँडल त्याच्या हातात आलं. खालची नळी कडकन तुटली होती. तो तोंडावर आपटला, उजवा हात पुढे गेला आणि शेजारून जाणाऱ्या टेम्पोचं मागचं चाक त्यावरून गेलं. टेम्पोवाल्याची चूक नव्हती. चार बोटं काढावी लागली. अंगठा राहिला.

मशीनवरचं काम. अंगठ्याने कोण मशीन चालवू देणार? ठेकेदाराने आठ दिवसांचे पैसे पाकिटात घालून पाठवले. दिवाळीनंतर दुसराच एक पोरगा कायम झाला.

मी तुटलेली नळी पाहिली. बाहेरून आमचा चकचकीत रंग आणि आत पापडाएवढी जाडी. बोटाने दाबली तर तांबडा भुगा हातात आला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती म्हातारी! विधवा म्हणून दया दाखवली आणि तिने सडका माल गळ्यात बांधला. नळी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि शिरगावची एस.टी. पकडली. काय काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवून ठेवलं. अख्खं गाव गोळा करणार होतो.

ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला पाहिलं आणि तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आलास होय! किती वाट बगितली तुजी."

आत गेली आणि एक डबा घेऊन आली. झाकणाला फडकं बांधलेला, तुपाच्या डब्याएवढा.

"तुजं तेल. मला वाटलं पावसाच्या आदी येशील. तू बोलला नको, पन मी काडून ठेवलं. पैसं नको देऊ. एवड्या-तेवड्यासाठी भांडला, तर म्हटलं पोराकडं नसतील." मग हात पुसत तिने विचारलं, "भाऊ जातो ना वेलेवर कामाला?"

पिशवीत नळी होती. माझा हात पिशवीत गेला आणि तसाच बाहेर आला.

"जातो," मी म्हणालो.

मी खिशातून वीस रुपये काढले. तिने घेतले नाहीत. मी हात जोडले, मावशी घ्या, म्हणालो. सगळा जन्म लोकांना भाव उतरवायला लावला, आणि त्या दिवशी दोन नोटा कुणाच्या हातात कोंबायला गेलो तर जमलं नाही. ती आपली नको नको म्हणत राहिली.

खोलीवर आलो तेव्हा भाऊ भिंतीला टेकून बसला होता, बांधलेला हात मांडीवर. डबा खाली ठेवला तसा त्याने वास ओळखला.

"हे तेल कुठलं?"

मग मी सगळं सांगितलं. ती काय म्हणाली होती ते, मी चपला कधी घातल्या ते, सगळं. तो ऐकत होता.

शेवटी त्याने विचारलं, "कितीला देत होती?"

"वीस."

तो डब्याकडे बघत राहिला.

"वीसच?" म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.