झगेवाल्या काकूंनी कुणाला मत दिलं

पदवीदानाचे काळे झगे शिवण्यात काकूंचा हात धरणारं त्या शहरात कुणी नव्हतं. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. खांद्यावरची चुण्यांची घडी नीट बसली नाही तर त्या सरळ शिवण उसवायच्या आणि गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायच्या, "एवढी वर्षं शिकलात, तास-दोन तास थांबा की."

आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. त्याला काकूंनीच वाढवलं, याच मशीनवर. तो मोठा झाला, गोड बोलायला शिकला आणि नगरसेवक झाला. लागोपाठ तीनदा निवडून आला. तिन्ही वेळा काकूंनी त्याच्या कार्यकर्त्यांच्या गळ्यातले पट्टे फुकट शिवले आणि मतदानाच्या दिवशी त्याचं माणूस म्हणून मतदान केंद्रावर दिवसभर बसल्या. गल्लीने त्याचं नाव ठेवलं होतं 'होईलसाहेब'. काहीही सांगा, उत्तर एकच, "होईल!" काकूही हसायच्या त्या नावाला. आपलंच माणूस, चालायचंच.

गल्लीच्या टोकाला नाल्यावर पायी जायचा पूल होता. त्याचा कठडा गंजून एका बाजूने साफ गेला होता. दवाखान्याला जायची ती जवळची वाट. काकूंनी भावाला सांगितलं. पुन्हा सांगितलं. "होईल, ताई." मग एका सकाळी काकूंचे यजमान, आयुष्यभर विद्यापीठाची बस चालवलेला माणूस, समोरून आलेल्या सायकलला वाट द्यायला बाजूला सरकले आणि थेट खाली गेले. खुबा मोडला.

भाऊ इस्पितळात आला. एकटा नाही, चार कार्यकर्ते आणि एक फोटोवाला घेऊन. पलंगाशी वाकून त्याने फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'नगरसेवकांनी केली जखमी नागरिकाची विचारपूस'.

"जखमी नागरिक?" काकू यजमानांना म्हणाल्या. "तुमच्या मांडीवर बसून बस चालवायचा हट्ट करायचा तो. आणि तुम्ही जखमी नागरिक?"

"जाऊ दे गं," यजमान म्हणाले.

पण ते जाणाऱ्यातलं नव्हतं. त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यात जे पेटलं ते विझलं नाही.

निवडणूक लागली. काकूंच्या माडीवर एक पोरगी भाड्याने राहायची. पाण्यावर संशोधन करत होती आणि बोलायला धारदार होती. तिने अर्ज भरला. आधी काकूंनाही गंमत वाटली. पण पोरीने पहिल्याच सभेत पुलाचं नाव घेतलं, तेव्हा काकू मागच्या रांगेतून उठून पुढे जाऊन बसल्या.

भाऊ नेहमीप्रमाणे कापडाचे तागे घेऊन दुकानात आला. "ताई, पट्टे लवकर दे हं या वेळी."

"कापड घेऊन जा परत," काकू मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या.

"का? काम जास्त आहे?"

"काम नेहमीचंच आहे. मत तुला नाही."

त्याला वाटलं ताई चेष्टा करतेय. तो हसला. काकू हसल्या नाहीत. तेव्हा त्याचा चेहरा पडला.

पुढे काकू पोरीबरोबर दारोदार फिरल्या. लोक विचारायचे, "सख्ख्या भावाच्या विरोधात?" काकू म्हणायच्या, "तुमच्या घरातलं कुणी नाल्यात पडायची वाट बघायची का?" ज्या बाया त्याला डोळे झाकून मत द्यायच्या, त्या काकूंच्या शब्दावर फिरल्या.

मतमोजणी विद्यापीठाच्या क्रीडा सभागृहात होती. शेवटच्या फेरीपर्यंत काही खरं नव्हतं. मग निकाल पुकारला आणि पोरीच्या बाजूच्या पोरांनी एकच गलका केला. होईलसाहेब पडला होता. थोडक्यात, पण पडला.

बाहेरच्या पायऱ्यांवर भावाने काकूंना गाठलं. सगळ्यांदेखत ओरडला, "घरच्यांनीच घात केला! ताई, तुला लाज नाही वाटली?"

"वाटली की," काकूंचा आवाज त्याच्यापेक्षा चढला. "तू त्यांच्या पलंगाशी फोटो काढलास, त्या दिवशी वाटली. मी वाढवलेलं पोर असं निघालं म्हणून वाटली. आणखी ऐकायचंय?"

भाऊ गाडीत बसून निघून गेला.

संध्याकाळी दुकानातच पोरीचे सोबती जमले. कापायच्या टेबलावर चहाचे पेले आणि बिस्किटं. सगळे आनंदात होते. तेवढ्यात पोरीची एक मैत्रीण बाहेरगावाहून आली, तिला मिठी मारून म्हणाली, "काय नशीब गं तुझं! इकडे नगरसेविका झालीस आणि तिकडे परदेशात संशोधनाची जागाही मिळाली! निघणार कधी?"

पोरीने मैत्रिणीचा हात दाबला, पण शब्द सुटून गेला होता.

"कुठे निघणार?" काकूंनी विचारलं.

"काकू, अजून नक्की नाही—"

"हो म्हणून कळवलंस का त्यांना?"

पोरीने मान हलवली.

"मतदानाच्या आधी कळवलंस का नंतर?"

"आधी," पोरगी कशीबशी म्हणाली. "पण सगळे एवढे राबत होते, काकू. कुणाला सांगायचा धीरच झाला नाही."

"जे राबत होते त्यांनाच सांगायचं होतंस!" काकूंनी हातातला पेला टेबलावर इतक्या जोरात ठेवला की चहा उडाला. "माझं तोंड घेऊन तू दारोदार फिरलीस. त्या बाया तुझ्याकडे बघून नाही फिरल्या, माझ्याकडे बघून फिरल्या. मी सख्ख्या भावाशी वैर घेतलं. कशासाठी? तुला चार दिवस खुर्चीत बसून जाता यावं म्हणून?"

"तिथून फोनवर सभेला हजर राहता येतं का ते बघते ना मी…"

"फोनवर? ते पडले तेव्हा मी त्यांना फोनवर वर काढलं असतं का?"

पोरगी रडायला लागली. एरवी काकूंनी जवळ घेतलं असतं. त्या दिवशी घेतलं नाही. "रड हवं तेवढं. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर गल्लीत यायचं आणि तुझ्या तोंडाने सांगायचं. शपथ घ्यायच्या आधी खुर्ची सोडायची."

पोरगी आली. तेवढं मात्र तिने केलं. प्रत्येक दारात मान खाली घालून सांगितलं, आणि प्रत्येक दारात लोकांनी तिला कमी आणि काकूंना जास्त सुनावलं. "चांगली टोपी घातलीत आम्हाला," शेजारीण म्हणाली. काकूंनी ते ऐकून घेतलं. राग गिळत त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

पोरीने जागा सोडली आणि पोटनिवडणूक जाहीर झाली. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी भाऊ दुकानात आला. या वेळी एकटा, आणि आवाजात साखर.

"ताई, झालं गेलं सोड. घरची जागा घरातच राहू दे."

"राहील की," काकू म्हणाल्या. "मी घरातली नाही का? मी उभी राहतेय."

तो आधी हसला, मग उसळला. "तुला कोण ओळखतं? नगरसेवकाची बहीण म्हणून ओळखतात लोक!"

"आणि तुला शाळेत कोण म्हणून ओळखायचे रे? झगेवालीचा भाऊ म्हणूनच ना? ते पुसून टाकून आलास का?"

त्याने अर्ज भरला. काकूंनीही भरला. काकूंनी सभा घेतली नाही, भाषण केलं नाही. पुन्हा त्याच दारांत गेल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी माझ्यामुळे फसलात. मी कुठे जाणार नाही. जायला मला जागाच नाही." शेजारीण पुटपुटली, पण शेवटी तीच त्यांच्याबरोबर फिरली.

काकू निवडून आल्या. भाऊ निकाल ऐकायला थांबलाही नाही. पोरांनी काकूंना हार घातला, पण फोटोत त्यांच्या कपाळावर आठी आहे ती आहेच.

कठडा लागला, पण सहजासहजी नाही. अभियंत्याच्या टेबलापाशी काकू रोज हातशिवण घेऊन बसायच्या आणि तिथेच काम करायच्या. शेवटी तो वैतागला आणि माणसं पाठवली. यजमान काठी टेकत पुलावर जाऊन आले. लोखंड हलवून बघितलं आणि म्हणाले, "रंग अगदीच भिकार आहे गं." काकू दुसऱ्या दिवशी रंगासाठी पुन्हा महापालिकेत.

भाऊ अजून घरी येत नाही. त्याची बायको येते, भाचरं येतात. तो रस्त्यात दिसला की काकू थांबतात, तो थांबत नाही. मग दिवसभर त्यांच्या मशीनचा आवाज गल्लीला नेहमीपेक्षा मोठा ऐकू येतो.

पोरीचा परदेशातून फोन येतो, तो यजमान उचलतात. "ती विचारतेय, काकू बोलतील का?"

"नाही," काकू आतून ओरडतात. "पण तिला विचारा, तिकडे निवडणुका कधी असतात. म्हणजे तिथल्या लोकांना मी आधीच सावध करते."