बासी पानी है क्या?

आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात नवऱ्याच्या सिमेंटच्या दोन टाक्या होत्या. तो कारखान्यात टेक्निशियन, पण जीव सगळा त्या टाक्यांतल्या गप्पी माशांत. जवाहर चौकातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या मोठ्या माशांना जिवंत खाऊ लागायचा, तो हा पुरवायचा. आजारी खाऊ गिळला की मोठा मासाही आजारी पडतो, म्हणून खेप देण्याआधी पंधरा दिवस गप्पींची बडदास्त. गर्दी करायची नाही, चिमूटभरच खायला द्यायचं, मेलेला दिसला की लगेच बाहेर. माझ्या तापाची एवढी चौकशी कधी झाली नाही हो! मागची खेप दुकानात जाऊन मेली होती. येत्या रविवारच्या खेपेचंही तसंच झालं तर पुन्हा येऊ नका, असं दुकानदाराने बजावलं होतं. नवरा आठवडाभर धड जेवला नव्हता.

त्यात पुण्याहून सासूबाई आल्या. घरात शिळं पाणी ठेवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. शनिवारी नळ आल्याबरोबर त्यांनी टाक्यांशेजारचा पाण्याचा ड्रम कढीपत्त्याला ओतला आणि काठोकाठ ताजा भरला. नवऱ्याने नेहमीसारखं टाकीतलं निम्मं पाणी काढून ड्रममधलं घातलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जायला ड्रम दिवसभर उघडा ठेवावा लागतो. थोड्याच वेळात गप्पी वर येऊन तोंडं उघडायला लागले.

ड्रम कुणी भरला, म्हणून नवरा ओरडला. गप्पींना शिळंच पाणी लागतं हे कळल्यावर सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मग पदर खोचून, बादली घेऊन त्या शेजारणीच्या दारात गेल्या. आमच्या ओळीत सगळ्या हिंदी बोलणाऱ्या.

"आपके यहाँ बासी पानी है क्या?"

आता कोणती बाई हे कबूल करेल? आमच्याकडे रोज ताजं भरतात, असं तिने ठणकावलं. दुसरीनेही तेच सांगितलं. तिसरीच्या दारात सासूबाई सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हमारे यहाँ भी था. मैंने फेंक दिया, मेरा चुक्या."

त्या हिंदीला बायका खळखळून हसल्या आणि मोरीतल्या, गच्चीवरच्या कालच्या-परवाच्या बादल्या बाहेर यायला लागल्या. पहिली शेजारीण तर दोन घेऊन आली. दुपारपर्यंत गप्पी तळाशी पळापळ करत होते आणि आमच्या अंगणात चहाची दुसरी फेरी चालू होती. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्यालाही आयता चहा दिला.

रविवारी खेप गेली. आठवड्याने दुकानदाराने आणखी मागवली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नळ आला, तर सासूबाईंनी स्वतः ड्रम भरला आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"याला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "शिळं होऊ दे."