क्वांटम खात्यातल्या वैद्य मॅडम

वैद्य मॅडम वर्गात काही नवीन शिकवायच्या आधी ते मला शिकवून बघायच्या. बारामतीत माझी खाणावळ आहे. त्या आमच्या माडीवर भाड्याने राहायच्या आणि कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कऱ्हाटीच्या शाळेत. एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, मलाच का?"

"वर्गातली मुलं कळलं नाही तरी मान हलवतात, शालनताई. तुम्हाला कळलं नाही की तुमचं लाटणं थांबतं."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लाटणं थांबू दिलं नाही. त्यांनी तव्यावरची लांबट चपाती बघितली आणि म्हणाल्या, "हं. पुन्हा पहिल्यापासून सांगते."

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना क्वांटम कॉम्प्युटरचं वेड लागलं. म्हणायच्या, "साधा कॉम्प्युटर एका वेळी 'हो' तरी धरतो, नाहीतर 'नाही'. हा दोन्ही धरून बसतो. पण मध्येच कुणी बघायला गेलं की सगळं बिघडतं."

"भातासारखं," माझ्या तोंडून निघून गेलं. "सारखं झाकण काढलं की कच्चा राहतो."

मॅडमनी जेवण सोडून ते वहीत लिहून घेतलं आणि वर्गात माझ्या नावासकट सांगितलं. पुढचे दोन दिवस मी जेवायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना वाढायला बाहेर आले नाही.

दर शनिवारी जेवणं उरकली की खाणावळीत पाच मुली आणि मॅडमचा एक लॅपटॉप असे बसायचे. खरं यंत्र कुठंतरी लांब होतं. "त्याला इतकं गार ठेवावं लागतं, की तुमचा फ्रीज त्याला चूल वाटेल," असं मॅडम सांगायच्या. मुली इंटरनेटवरून त्याला गणित पाठवायच्या आणि मग आपली पाळी यायची वाट बघायच्या. त्यांतली सणसर गावची रेश्मा म्हणायची, "मॅडम, आपला उसाचा ट्रॅक्टर अजून साखर कारखान्याच्या गेटबाहेरच हाय."

उत्तर चुकलं की बाकीच्या चहा मागायच्या. रेश्मा मात्र ते का चुकलं हे शोधत बसायची. मॅडम मला हळूच म्हणायच्या, "बरोबर उत्तर कुणालाही आवडतं. चुकलेल्याशी संसार करणारी ही एकच."

बंगळुरूच्या एका संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने मुलांना क्वांटमच्या प्रयोगशाळेत काम करायला घेतात, राहायची सोय करतात आणि वर विद्यावेतनही देतात. त्याचा अर्ज मॅडमनी रेश्माला भरायला लावला. अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती. एक मॅडम देणार होत्या. रेश्माने घरी एवढंच सांगितलं, की शिफारसपत्रं लागतात. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिचे वडील, बबनतात्या, कामाला लागले.

शेवटच्या तारखेला दुपारी तात्या रेश्माला घेऊन खाणावळीत मॅडमकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी दोन कागद काढले. एक सरपंचांचा, एक कारखान्याच्या संचालकांचा, दोन्हीवर गोल शिक्के. "सायब भेटंनात. दोन दिस बसून हुतो दारात," ते म्हणाले.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "सदर मुलगी आमचे जुने सभासद यांची कन्या असून वर्तणुकीने चांगली आहे. तरी तिला क्वांटम खात्यात सामावून घ्यावे." आणि त्या हसल्या. हसू आवरायची सवय त्यांना नव्हतीच.

तात्यांनी कागद परत पिशवीत घातले. "आमच्या माणसाच्या शब्दाला तितं किंमत न्हाय, तर पोरगी कुणाच्या भरवशावर धाडायची? ऱ्हाऊ द्या तो अर्ज."

रेश्मा भिंतीकडे बघत उभी राहिली. मॅडमचं हसू एकदम गेलं.

"चुकले, तात्या. बसा," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. तुमचा ऊस कारखान्यात गेला, की त्यात साखर किती हे कोण ठरवतं? संचालक?"

"ते कशाला ठरिवत्यात. उतारा लॅबवाला काढतो."

"आणि संचालक म्हणाले, ऊस आपल्या माणसाचा आहे, उतारा वाढवा, तर?"

"असं न्हाय चालत," तात्या म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजी ह्यो पोरीच्या डोक्याचा उतारा हाय व्हय?"

"हो. तो तिला शिकवणाऱ्यानेच काढायचा."

दुसरं पत्र देऊ शकणारे कॉलेजातले गणिताचे सर रजेवर, आपल्या गावी कन्हेरीत होते. तात्यांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं. सर लिहीत असताना ते शेजारी उभे होते. "हाय तेवढंच लिवा, सर. वाढवू नगा," असं बजावत होते. सगळे कागद लॅपटॉपमध्ये चढवून अर्ज गेला, तेव्हा शेवटची दहा मिनिटं उरली होती.

निवड झाल्याचं पत्र आलं, तोवर मॅडम सेवानिवृत्त झाल्या होत्या. नाशिकला भावाकडे राहायला जायचं ठरलं होतं. रेश्मा निघायची त्याच दिवशी त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं. तात्या दारात येऊन घुटमळले. त्या वर्षी लांबलेली उसाची तोड अजून चालू होती, त्यामुळे त्यांना शेत सोडता येत नव्हतं. "एकली कशी जाईल, मॅडम? तितली भाषाबी येगळी."

मॅडमनी टेम्पोतून आपली कपड्यांची बॅग खाली घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे." टेम्पो नाशिकला गेला आणि मॅडम रेश्माबरोबर बंगळुरूला. मी दोघींना चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मॅडम बारामतीला परत आल्याच नाहीत.

त्या निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकहून त्यांच्या भावाचा फोन आला. अनोळखी फोन मी कधी घेत नाही, पण त्या दिवशी घेतला.

"सामान आलंय. ताई कुठे आहे?"

"रेश्माला पोचवायला गेल्यात. ती तितं रुळली की येतील."

"कोण रेश्मा? आमच्या नात्यात तर या नावाचं कुणी नाही."

"हाय की," मी म्हटलं. "सणसरची."