कावळ्याला कबूल केलेला रबर

माझी बायको गेली तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवर दप्तराचं पान उघडंच होतं. कल्याणच्या एका प्रकाशकांसाठी ती पहिलीच्या मुलांचं चित्रांचं पुस्तक करत होती. पानावर पेन्सिल होती, टोकयंत्र होतं, फुटपट्टी, कंपासपेटी, डिंकाची बाटली, सगळं जागच्या जागी. खालच्या कोपऱ्यात तेवढी रबराची जागा रिकामी होती.

मुरबाडच्या आमच्या घरात मोठी खोली एकच. खिडकीकडचं टेबल तिचं, भिंतीकडची खुर्ची माझी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो, म्हणजे दिवसभर पुस्तकं सांभाळायची आणि घरी येऊन ती वाचायची. ती चित्रं काढायची, मी वाचायचो, पाठीला पाठ लावून. बोलण्याचं खातं पूर्ण तिच्याकडे.

"तुझ्या लेखकांचं बरं असतं," ती म्हणायची. "टेबलावर पेन्सिल होती, असं लिहिलं की सुटले. किती झिजलेली, कोणी चावलेली, उजेड कुठून पडलेला, कोणी विचारत नाही."

तिचा नियम असा की वस्तू समोर असल्याशिवाय काढायची नाही. आठवणीतून काढलेली वस्तू देवळातल्या पायरीसारखी गुळगुळीत होते, असं तिचं म्हणणं. टेबलावर एक स्टीलची ताटली असे. काढायच्या वस्तू ताटलीत, काढून झालेल्या ड्रॉवरमध्ये. आणि पान छापलं की ते टेबलावर मुद्दाम पसरून ठेवायची. चित्रातली वस्तू उचलायला कुणाचा तरी हात गेला पाहिजे, तरच चित्र झालं. पेन्सिलीच्या वेळी तो हात माझा होता. मी वाचता वाचता खूण करायला म्हणून कागदावरची पेन्सिल चिमटीत धरायला गेलो, दोनदा. त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक माणसाला चहाबरोबर ही गोष्ट मिळत असे.

मग तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली. ताटलीत रबर राहिला.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. वैशाखऱ्याहून माझी मोठी बहीण आली होती, शहापूरहून मेहुणा. पिंड मांडले आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. समोरच्या आंब्यावर कावळे होते, पण त्यांना आमच्यात काडीचा रस नव्हता. गुरुजी अधूनमधून मोबाइल बघत होते. पुढे त्यांना टोकावड्याला जायचं होतं.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, आणि ते पुरं करायचा शब्द कोणीतरी द्यायला हवा. आधी मेहुणा पुढे झाला. "तायडे, बाबांकडं मी बघतो. तू काळजी करू नको." कावळ्यांनी पंख साफ केले. मग बहीण, जिला मी आक्का म्हणतो. "गो बाय, ह्याला मी उपाशी ठेवनार नाय. महिनाभर राहते मी." एक कावळा उडाला, पण पलीकडच्या काठावर. शेजारचे काका सगळ्या व्यवहारांत पुढे असतात. ते म्हणाले, "वहिनी, गॅसचा नंबर लावलाय." त्यानेही काही हललं नाही.

"भावोजी," मेहुणा कुजबुजला, "तिचं काय काम राहिलं होतं का?"

"एक रबर," मी म्हणालो.

"कसला रबर?"

"खोडायचा. पुस्तकासाठी काढायचा राहिला."

"मग म्हणा की!"

मी आयुष्यात असल्या गोष्टी मानल्या नाहीत. तरीही भर उन्हात, ओल्या अंगाने, भाताच्या गोळ्यासमोर हात जोडून मी म्हणालो, "रबर मी काढीन."

कावळा उतरला. त्याच्या क्षणभर आधी घाटाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं होतं, पण ते फक्त मी पाहिलं. बाकीच्यांनी रबर पाहिला. आक्का रडता रडता म्हणाली, "बघ, केवढा जीव अडकला होता!"

शब्द कावळ्याला दिला होता, त्यामुळे तसा मी निवांत होतो. कावळा विचारायला येणार नाही. पण चार दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. आधी त्यांनी दुःख व्यक्त केलं, मग म्हणाले, "एक खोडरबरच राहिलाय ना? आम्ही रेडीमेड टाकतो. तुम्ही त्रास घेऊ नका." आणि नमुना पाठवला. निळ्या-गुलाबी रबराला मोठे डोळे होते, तो दात दाखवून हसत होता आणि अंगठा वर करून उभा होता. तो तिच्या डिंकाच्या बाटलीशेजारी उभा राहणार होता. त्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा तिने दोन दिवस बसून चितारला होता.

मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

ती चित्रं काढायची त्या सॉफ्टवेअरमध्ये रंग फासायचे नसतात, एवढंच मला तिच्याकडून ऐकून माहीत होतं. टिंबं द्यायची, टिंब टिंब जोडून आकार बंद करायचा, मग आकारात रंग भरायचा. ऐकायला सोपं आहे. मी टिंब देताना माउस जरा ओढला गेला की टिंबाला मिशा फुटत आणि सरळ रेघेचं पोट सुटे. पहिल्या दिवसाअखेर पडद्यावर जे काही होतं ते अंगावर टॉवेल घेतलेल्या माणसासारखं दिसत होतं.

घरात माणसं येतच होती. उत्तरकार्याला यायला न जमलेली, उशिरा कळलेली. तिचा फोटो आक्काने खिडकीच्या टेबलावरच मांडला होता, उजेड तिथे चांगला म्हणून. म्हणजे फोटोला नमस्कार करायला आलेलं माणूस वर मान करून थेट माझ्या पडद्याकडेच बघे. दुःखात काय बोलावं हे कुणालाच सुचत नसतं. रबरावर मात्र सगळ्यांना सुचत होतं.

"साबण काय हो?"

"खरवस चांगला काढलाय."

"आमच्या टायमाला रबराला भोक पाडून दोरीनं गळ्यात बांधायचे. दोरी कुठाय?"

नदीवरची गोष्ट रस्त्याने पुढे पुढे गेली होती आणि जाताना वाढली होती. टोकावड्याच्या मामी अगरबत्तीच्या पुड्याबरोबर एक नवाकोरा रबर घेऊन आल्या आणि फोटोपुढे ठेवला. "तिची वासना होती म्हने," त्या म्हणाल्या. पाठोपाठ आणखी आले. एकाला स्ट्रॉबेरीचा वास होता. संध्याकाळी खोलीत धूप आणि स्ट्रॉबेरी असा मिश्र दरवळ असे.

बायका तिच्या फोटोला हळदीकुंकू लावत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "नशिबाची गो, भरल्या कुंकवानं गेली." नवऱ्याच्या आधी जाण्यात तिचं केवढं नशीब होतं, हे त्या नवऱ्यालाच सांगत होत्या. मी मान हलवत असे. तिने ऐकलं असतं तर म्हणाली असती, ह्यात माझं कर्तृत्व काय, तो चालतोच हळू.

ताटलीतल्या मूळ रबराचे हालही तेव्हाच सुरू झाले. आक्का रोज सकाळी आंघोळ करून फोटोला हळदीकुंकू आणि तगरीचं फूल वाहत असे, आणि हात फिरता फिरता ताटलीतल्या रबरालाही. पांढऱ्या रबरावर कुंकू काय बसतं ते बसल्यावरच कळतं. पुसून जात नाही. कागदावर घासावं लागतं, आणि घासलं की रबर झिजतो. म्हणजे सोमवारी मी जो कोपरा काढला तो मंगळवारी जागेवर नसे.

"आक्का, त्याला कुंकू लावू नको."

"का?"

"रबर आहे तो."

"मंग? दसऱ्याला तू तुझ्या पुस्तकांना लावतोस, ते कोन हायत?"

एवढं वाचलं, पण वेळेवर कामाला येत नाही. मी रोज रबर घासत राहिलो आणि रोज कोपरा नव्याने काढत राहिलो. तरी पडद्यावर साबण तो साबणच.

शेवटी एका दुपारी माझा रबर सोडला आणि तिचं टोकयंत्र मोठं करून पाहिलं. मोठं करत गेलं तरी ते फुटत नव्हतं, कडा तशाच धारदार. पात्याखाली, नुसत्या डोळ्यांना कधी दिसणार नाही अशा जागी, लाकडाचं एवढंसं कुसपट अडकलेलं होतं. तेही तिने काढलं होतं. मी त्यावर क्लिक केलं. तशी त्या आकाराची सगळी टिंबं एकदम निळी उमटली. एवढ्याशा कुसपटावर टिंबांची रांग. प्रत्येक टिंब म्हणजे तिथे तिने एकदा बोट दाबलं होतं. ती टिंबं जातील म्हणून मी दुसरीकडे क्लिक केलं नाही. तेवढ्यात आक्काने चहा आणला आणि म्हणाली, "मुंग्या झाल्या काय रे?"

नंतर एकेक वस्तू तशी मोठी करून बघत गेलो. सगळ्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या, वस्तूच्या बुडाशी गडद आणि पुढे विरत गेलेल्या. खिडकी डावीकडे, म्हणून. माझ्या रबराची सावली मी नियम म्हणून खाली दिली होती, भर दुपारी उघड्यावर पडल्यासारखी. आणि मी बसत होतो टेबलाच्या कडेला, माझीच खुर्ची ओढून. तिच्या खुर्चीवर अजून बसलो नव्हतो. तिथून तो रबर असा दिसणारच नव्हता.

मग तिच्या खुर्चीत बसलो. गादीला डावीकडे खळगा होता, तिला एक पाय दुमडून बसायची सवय म्हणून. त्या खळग्यामुळे मीही आपोआप डावीकडे कललो. फोटो समोरच होता, जरा जास्तच समोर. मी तो हातभर सरकवला.

"फोटो हलवतोस?" स्वयंपाकघरातून आवाज आला. आक्काच्या पाठीला डोळे आहेत.

"तिच्या सावलीत येतोय रबर."

"ती असताना कधी तिला सरक म्हनाला नायस, आता म्हनतोस."

खरं होतं. ती असताना मीच सरकत असे.

पुढचे दिवस त्या खुर्चीवरच गेले. झिजलेला कोपरा, त्याला लागलेलं पेन्सिलीचं काळं, पुठ्ठ्याच्या वेष्टणाची फाटलेली कड, मधोमध नखाने केलेली खाच. ती खाच तिची की दुकानदाराची, कळायला मार्ग नव्हता. मी काढली. येणारे-जाणारे कमी झाले. आले तरी पडद्याकडे बघून काही म्हणेनात, ह्याचा अर्थ कसा लावायचा ते मला कळेना. कोणी छान म्हणालं असतं तरी माझा विश्वास बसला नसता, कारण मी विधुर होतो. विधुराच्या कामाला कोण नावं ठेवणार?

महिनाअखेर आली. सकाळी मी शेवटचं टिंब दिलं, तिच्याच प्रिंटरवर पान छापलं आणि ती करायची तसं टेबलावर फोटोपुढे पसरून ठेवलं. मग तिच्या नियमाप्रमाणे रबर ताटलीतून उचलून ड्रॉवरमध्ये टाकला, बाकीच्या वस्तूंशेजारी. भेटीदाखल आलेले रबर शेजारच्या पोरांना आधीच वाटून टाकले होते, त्यामुळे ताटलीही उचलली. एकदा अंघोळ करावी, मग फाइल पाठवावी, असा विचार केला. खरं म्हणजे पाठवायला हात धजत नव्हता. उचलायला हात जाईल असा हा रबर झालाय का, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

अंघोळ करून आलो तर आक्का टेबलापाशी वाकून उभी. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हाताची बोटं कागदावर काहीतरी चाचपत होती.

"अरे, हा रबर खाली कसा पडला?" ती म्हणाली. "आनि हाताला का लागंना?"

मी जवळ जाऊन पाहिलं. फोटोला हळदीकुंकू लावून झालं होतं. पेन्सिल कोरी, टोकयंत्र कोरं, कंपासपेटी कोरी. खालच्या कोपऱ्यातल्या माझ्या रबरावर मात्र एक हळदीचं बोट, एक कुंकवाचं बोट आणि वर तगरीचं फूल.

मला बोलायचं होतं, पण हसू फुटलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी आलेला तो आवाज इतका मोठा होता की शेजारचे काका खिडकीत येऊन "काय झालं, काय झालं" करू लागले. आक्काने पिशवीतून दोरीचा चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, कागद उजेडात धरला, फूल खाली पडलं.

"मेल्या," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय ते तिलाही सांगता आलं नसतं.

मी तिच्या खुर्चीत बसून फाइल पाठवली. खाली लिहिलं, "खोडरबर पूर्ण केला आहे. पानाखाली नाव तिचं एकटीचंच ठेवावं."

आक्का उठली. भाकरीचा तुकडा मोडून तिने खिडकीच्या गजांबाहेर ठेवला.

"कुणाला?" मी विचारलं.

"त्या कावल्याला. साक्षीला होता ना तो."

तुकडा साळुंकीने नेला. आक्का तिला हाकलायला धावली, पण चष्म्याची दोरी खुर्चीत अडकली होती.